‘तेव्हा आणि आता’ लावून झालं? आता अभ्यासाला लागा!

जुन्या मुंबईचं एखादं चित्र घ्यायचं, त्याच जागी जाऊन मोबाईलवर फोटो काढायचा, दोन्ही शेजारीशेजारी चिकटवायचे आणि खाली लिहायचं ‘तेव्हा / आता’. कॉलेजातल्या इतिहासाच्या प्रोजेक्टचा सध्या हाच साचा ठरून गेलाय. लाईक्स मिळतात, मार्कही मिळतात. मला विचाराल तर याला अभ्यास म्हणू नये. सहल म्हणा, काही हरकत नाही.

विषय निघाला कारण माझी भाची आणि तिच्या वर्गातली मुलं सध्या जेम्स वेल्सच्या चित्रांतल्या जागा शोधत हिंडतायत. वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. १७९१ मध्ये मुंबईत आला, मग पुण्याला पेशवे दरबारी गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली तीही त्यानेच. त्याआधी मुंबई बेट आणि आसपासचा मुलूख त्याने बारा दृश्यांत टिपला. १७९५ मध्ये तो वारला आणि त्यानंतर हा संच लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

मुलांबरोबर मी शीवच्या किल्ल्यावर गेले होते. खाली नेहरू उद्यान, वर पडक्या भिंती, त्यावर नेहमीच्या बदाम-बाणवाल्या नावांची कोरीव लेणी. एक मुलगा मोबाईल आडवा धरून चित्रातली डोंगराची रेघ समोरच्या रेघेशी जुळवत बसला होता. इमारती मध्ये येतात म्हणून वैतागला. मग म्हणाला, “मावशी, कुर्ल्याचा रस्ता कुठे गेला?” हा खरा प्रश्न! शीव आणि कुर्ला जोडणारा बांध १८०५ मध्ये, डंकन गव्हर्नर असताना पुरा झाला. वेल्सच्या चित्रात तो शोधून सापडणार नाही. म्हणजे साष्टीकडे, पलीकडच्या बेटावर, जायचं तर होडी. भाजी, गवत, दूध, माणसं, सगळं पाणी ओलांडून. मग होडी कोण चालवत होतं, पैसे कोण घेत होतं? इथून अभ्यास सुरू होतो. फोटो जुळला नाही म्हणून हळहळण्यात काय हशील?

त्या संचातलं मला सगळ्यात आवडतं ते लव्हग्रोव्हवरून दिसणाऱ्या ‘ब्रीच’चं, म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरायचं त्या खिंडाराचं दृश्य. मुंबईकरांना लव्हग्रोव्ह म्हटलं की वरळीचं पंपिंग स्टेशन आणि नाल्याचा वास आठवतो. तेव्हा ती बंगल्यांची, हवा खायची जागा होती. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून भरतीचं पाणी थेट भायखळ्याकडच्या सखल भागात शिरायचं. ते अडवायला गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घातला गेला, १७८४ च्या सुमारास. वेल्स आला तेव्हा हा बांध जेमतेम सात-आठ वर्षांचा होता. त्याच बांधावर आजचा लाला लजपतराय मार्ग आहे आणि आतल्या दलदलीवर पुढे रेसकोर्स झालं.

आता महालक्ष्मीची आख्यायिका. बांध सारखा ढासळत होता, रामजी शिवजी प्रभूंना स्वप्नात देवीने सांगितलं, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि बांध टिकला. हे प्रत्येक मुंबईकराने ऐकलंय. पण देऊळ धाकजी दादाजींनी १८३१ मध्ये बांधलं असंही सांगतात. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत देवी कुठे होती? छोटं देऊळ होतं का? हे शोधायचं तर गूगल मिटून पाठारे प्रभूंच्या घरांमध्ये जावं लागेल, जुने कागद चाळावे लागतील. एकाही मुलाला हे करायला कुणी सांगितलेलं नाही.

आणि वरळी कोळीवाडा? कोस्टल रोडच्या वेळी क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाच्या दोन खांबांमध्ये किती अंतर हवं यावरून कोळी भांडले. १६० मीटर मागत होते, अखेर १२० वर तडजोड झाली. प्रवाह कुठे फिरतो, बोट कुठे आपटेल, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं. ब्रीचच्या पाण्याबद्दल विचारायचं तर आधी त्यांना विचारा ना! पण चित्राच्या मथळ्यात कोळीवाडा नाही, म्हणून प्रोजेक्टमध्येही नाही. मथळे बघा: मलबार हिल, बेलमाँट, लव्हग्रोव्ह. साहेब जिथे चहा प्यायला बसला तिथली नावं. ती उतरवून काढायची तर मग एकविसाव्या शतकात प्रोजेक्ट कशाला करायचा?

बरं, वेल्स एकटाच चित्रं काढत होता असंही नाही. पुण्यात त्याच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट वेरूळला जाऊन लेणी रेखाटून आला. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या मुलांना मात्र भारताची चित्रं काढणारे इंग्रज चित्रकार डॅनियल काका-पुतणे पाठ आणि तांबट माहीत नाहीत, हे मला झोंबतं.

तेव्हा शिक्षकांना विनंती. ‘सादरीकरण’ या नावाखाली जे मार्क देता ते कमी करा. मुलांनी किती माणसांशी बोलून काय विचारलं, चित्रातली कुठली गोष्ट पटली नाही आणि का, यावर द्या. झाड खरंच तिथे होतं की चौकट छान दिसावी म्हणून साहेबाने कोपऱ्यात लावलं, एवढं जरी कुणी विचारलं तरी पैकीच्या पैकी द्यायला माझी तयारी आहे.

माझगाव, परळ, शिवडी, वरळीत ज्यांची चार-पाच पिढ्यांची घरं आहेत, आजी-आजोबा बोलते आहेत, त्यांनी खाली कमेंट करा. मुलं रविवारी येतील. चहा द्या, पण आधी त्यांना मोबाईल खिशात ठेवायला सांगा.