उत्तर: विदर्भातला पहिला एसी आणि जगाची वीज

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘पाश्चात्त्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून सुखं भोगली आणि विदर्भातल्या माणसाने पहिला एसी घेतला की तुम्ही त्याला जगाच्या ऊर्जेचा हिशेब ऐकवता,’ असं तुम्ही लिहिलंत. राग रास्त आहे. अमेरिका-जपानमध्ये दहापैकी नऊ घरांत एसी आहे. आपल्याकडे २०१८च्या सुमारास शंभरात जेमतेम आठ घरांत होता. चंद्रपुरात पारा ४५च्या वर जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा जीव गारव्यावर तगतो. त्या घराने एसी घ्यावाच.

माझा आग्रह आहे तो कोणता एसी घ्यायचा आणि त्याची वीज कुठून येणार याबद्दल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८च्या अंदाजानुसार तेव्हा जगात १६० कोटी एसी होते, २०५० पर्यंत ५६० कोटी होतील. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते: लोक घेतात तो सरासरी एसी, बाजारात सहज मिळणाऱ्या चांगल्या एसीच्या निम्माही कार्यक्षम नसतो. स्वस्तात घेतलेलं यंत्र पुढे दहा वर्षं वीज खातं, आणि ते बिल अमेरिका भरत नाही, तेच घर भरतं.

शिवाय रात्र आहे. ३० मे २०२४ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली ती दुपारी, सौर वीज हाताशी असताना. पण मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात, एसी चालू असतात, सौर वीज मात्र नसते, आणि तो भार मुख्यतः कोळसा उचलतो. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र तुम्हाला माहीत असेलच. राख तिथल्या लोकांच्या अंगणात, वीज मात्र मुंबई-पुण्यापर्यंत. तुम्ही अमेरिकेला विचारता तो न्यायाचा प्रश्न आपल्या राज्यातही विचारायला हवा. मी स्वतः पुण्यात राहतो, तेव्हा तो आधी मला लागू होतो.

‘गरिबाने महागडा एसी कुठून आणायचा?’ हा तुमचा प्रश्न सगळ्यात खरा. त्याचा भार ग्राहकावर टाकूच नये. एलईडी बल्बचं उदाहरण घ्या: २०१४च्या सरकारी खरेदीत तो ३१० रुपयांना पडला, आणि घाऊक मागणी वाढवत नेल्यावर दोनेक वर्षांत चाळिशीच्या आत आला. एसी बल्बइतका साधा नाही, किंमत तेवढी पडणार नाही. पण सुरुवात पंख्यापासून करता येईल. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा तिशीच्या आसपास, आणि पंखा तर एसी नसलेल्या घरातही रात्रभर फिरतो.