बिटाडिन फेकायची एवढी घाई कशाला?

"बिटाडिन कालबाह्य झालंय. अमेरिकेतल्या अभ्यासात क्लोरहेक्झिडिन जिंकलं. घरातली तपकिरी बाटली फेका, सॅव्हलॉन आणा." असा मजकूर व्हॉट्सअॅपवर ग्रुपागणिक फिरतोय.

अभ्यास खरा आहे. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आला. शस्त्रक्रियेआधी त्वचेला क्लोरहेक्झिडिन (हेही जंतुनाशकच) लावलेल्यांत जखमेचा संसर्ग ९.५ टक्के, पोव्हिडोन आयोडीन (म्हणजे आपलं बिटाडिन) लावलेल्यांत १६.१ टक्के. पण क्लोरहेक्झिडिन होतं ७० टक्के अल्कोहोलमध्ये आणि आयोडीन नुसत्या पाण्यात! अल्कोहोल स्वतःच जबरदस्त जंतुनाशक आहे. मग जिंकलं नक्की कोण? पुढे स्वित्झर्लंडमध्ये दोन्ही औषधं अल्कोहोलमध्येच घेऊन ३३६० रुग्णांवर तुलना झाली. २०२४ मध्ये आलेले संसर्गाचे आकडे असे: आयोडीन ५.१ टक्के, क्लोरहेक्झिडिन ५.५ टक्के. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि सॅव्हलॉन? त्यात क्लोरहेक्झिडिन आहे, सोबत सेट्रिमाइड हे आणखी एक जंतुनाशकही आहे. पण ते ऑपरेशन थिएटरमधलं अल्कोहोलवालं मिश्रण नव्हे. तिथला निकाल या बाटलीला चिकटवता येत नाही.

"क्लोरहेक्झिडिनचा असर जास्त टिकतो." हे मान्य. ते त्वचेला धरून राहतं, तासन् तास. मात्र साबणाचा अंश राहिला की त्याचा जोर कमी होतो, तसा रक्त-पुवाने आयोडीनचाही होतो. आधी जखम धुणं दोन्हीकडे आलंच.

"कोळंबी सोसत नसेल तर बिटाडिन धोक्याचं." कोकणात हे हमखास ऐकू येतं. कोळंबीची अॅलर्जी होते ती तिच्यातल्या प्रथिनाने, आयोडीनने नव्हे. उलट क्लोरहेक्झिडिनच्या क्वचित पण गंभीर अॅलर्जीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला होता. आयोडीन जपून वापरायचं ते थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी.

"सॅव्हलॉन कुठेही चालतं." मुळीच नाही. क्लोरहेक्झिडिन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होऊ शकते, पडदा फाटलेल्या कानात गेलं तर ऐकू येणं जाऊ शकतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यात घालतात ते ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन. (घरातली १० टक्क्यांची बाटली त्यासाठी नाही, कृपा करून.)

साध्या खरचटण्याला वाहतं पाणी बहुतेकदा पुरतं. कुत्रा चावला तर मात्र साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, मग बिटाडिन लावा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.