सहा कार्डे आणि ‘फक्त गेमिंग’

आज सकाळी जुन्या वस्तूंच्या विक्रीची एक जाहिरात पाहिली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. एकाच बनावटीची सहा ग्राफिक्स कार्डे (संगणकाच्या पडद्यावरची चित्रे साकारणारे भाग) चादरीवर ओळीने मांडलेली आणि खाली मजकूर: ‘घरगुती वापर, फक्त गेमिंग.’ एका घरात सहा कार्डांवर कोण गेम खेळतो? आभासी चलन मिळवण्यासाठी, म्हणजे ‘मायनिंग’साठी, ती राबवलेली असावीत, असा माझा संशय आहे.

माझ्या पुतणीला २०२१ साली अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासासाठी असे एकच कार्ड हवे होते. त्या फेब्रुवारीत आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डाची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. प्रत्यक्षात मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर आम्ही दुकानामागून दुकान पालथे घातले, तेव्हा कुठे ‘माल नाही’ हे उत्तर मिळाले, तर कुठे जवळजवळ दुप्पट भाव. ‘काका, राहू दे,’ एवढेच ती म्हणाली, आणि परतीच्या लोकलमध्ये खिडकीबाहेर पाहत बसली.

त्या काळात चिपांचाच तुटवडा होता, हे मान्य. पण जी कार्डे येत होती, ती इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी घाऊक उचलली जात होती, हेही तितकेच खरे. आणि ती कार्डे करत काय होती? ठरलेल्या अटीशी जुळणारा आकडा सापडेपर्यंत रात्रंदिवस अंदाज बांधत राहायचे; ज्याचा आधी जुळेल त्याला नाणे, बाकी सर्वांनी जाळलेली वीज वाया. शिकणाऱ्या मुलांच्या हातातले साधन हिसकावून त्याची शेगडी केली, याचा मला आजही संताप येतो. शेवटी १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगच बंद केले, त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला आणि व्यवहार मात्र सुरळीत चालू राहिले.

त्यानंतर जुनी कार्डे स्वस्तात विकायला आली आणि त्यांतलेच एक आम्ही घेतले. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर रंगीत चौकोन उमटू लागले. दुरुस्तीवाल्याने कार्ड उघडून दाखवले, तेव्हा थर्मल पॅडमधून (चिपांची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्टीतून) झिरपलेल्या तेलाचा चिकट थर मेमरी चिपांभोवती साचला होता. नीट निगा राखलेले मायनिंगचे कार्ड टिकते, असे जाणकार सांगतात, टिकत असेलही. पण मग विकताना ते लपवायचे कशासाठी?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. आम्हाला कार्ड विकणारा मुलगाही पुतणीच्याच वयाचा होता. त्याने कदाचित कर्ज काढून ती कार्डे घेतली असतील. १ एप्रिल २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला आणि साडेपाच महिन्यांत इथेरियमचे मायनिंगही संपले. तो बुडाला असेल, तर मला त्याचे वाईट वाटते. तरीही त्याने आम्हाला खरे सांगायला हवे होते.

पुतणीने आपला अ‍ॅनिमेशनचा प्रकल्प महाविद्यालयातल्या संगणकावर, इतरांचे काम आटोपल्यानंतर, रात्री बसून पूर्ण केला. बंद पडलेले कार्ड अजून माझ्या कपाटात आहे.

आजच्या जाहिरातदाराला मी दुपारी एकच प्रश्न पाठवला: ‘ही कार्डे मायनिंगला वापरली होती का?’ त्याने तो वाचल्याची निळी खूण दिसते आहे. उत्तर अजून आलेले नाही.