मागचा उजवा

मागचा उजवा इंडिकेटर गेलाय, ही बातमी गाडीनेच दिली. एरवी संथपणे टिक... टिक... करणारा आवाज कर्वे रस्त्याच्या सिग्नलला एकदम टिकटिकटिकटिक करत सुटला. एक बल्ब उडाला की त्या बाजूची वीज जवळजवळ निम्मी लागते. ते फ्लॅशरच्या ध्यानात येतं आणि तो दुप्पट वेगाने मिचकावू लागतो. चालकाला कळावं म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. पण चालकाच्या आधी ते शेजारच्या सीटला कळलं.

"काय झालं रे हिला?"

"बल्ब गेला असेल."

"बघ हं, मागून कुणीतरी येऊन आदळायचं."

खरं सांगायचं तर आपल्याकडे इंडिकेटरकडे बघून कुणी आदळायचं थांबत असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. रिक्षावाला पाय बाहेर काढून वळतो. स्कूटरवाल्याचा इंडिकेटर स्वारगेटला लागलेला असतो आणि हडपसरपर्यंत लागलेलाच राहतो. मागच्या माणसाने आशा तेवढी धरायची. हायवेवरच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर तर गूढच. त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय' असा होतो, 'ये, काढ पुढे' असाही होतो आणि 'मरायचंय का, समोरून गाडी येतेय' असाही. यातला नेमका कुठला, ते तुम्ही अर्ध्या ओव्हरटेकमध्ये ठरवायचं. आणि लर्निंग लायसनच्या परीक्षेत अजून हाताच्या खुणा विचारतात: डावीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. एसी लावून बसलेल्या माणसाने एवढं करण्यापेक्षा सरळ जावं आणि पुढून यू-टर्न घ्यावा.

तरीही बल्ब बदलायचा ठरला. गॅरेजवाला म्हणाला, "गाडी सोडून जा, उद्या संध्याकाळी बघू."

"एका बल्बला?"

"बल्बच असेल कशावरून? वायरिंगपण असू शकतं."

'वायरिंग' या शब्दापुढे बिलाला वरची मर्यादा नसते, हे अनुभवाने माहीत असल्यामुळे मी थेट नाना पेठेत गेलो.

"मागच्या उजव्या इंडिकेटरचा बल्ब द्या."

"उजव्या-डाव्याचा वेगळा नसतो, साहेब. सिंगल का डबल?"

मी गप्प. मग त्याने दयाबुद्धीने शिकवणी घेतली. डबल म्हणजे एकाच काचेत दोन तारा, एक २१ वॅटची ब्रेकला आणि एक ५ वॅटची रात्रीच्या लाल दिव्याला. इंडिकेटरला सिंगल, २१ वॅट. बाहेरची काच पांढरी असेल तर बल्ब केशरी रंगवलेला घ्यायचा. आणि पांढऱ्या बल्बच्या बुडाशी दोन खुंट्या अगदी समोरासमोर असतात, केशरीच्या जरा तिरक्या. कुणी केशरीच्या जागी पांढरा घालायला गेला तर तो बसूच नये म्हणून! कधीकाळी कुठल्याशा टेबलावर एका इंजिनिअरने खास माझ्यासारख्या माणसाची काळजी वाहिली होती, या विचाराने मला गहिवरून आलं. चाळीस रुपये देऊन निघालो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये डिकी उघडली. गाडीच्या पुस्तिकेत एवढंच होतं: दोन स्क्रू काढा आणि दिवा सरळ मागे ओढा. स्क्रू निघाले. दिवा मात्र सासरी निघालेल्या मुलीसारखा दाराला धरून बसला. बाहेरच्या बाजूने तो प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर अडकवलेला असतो, म्हणून तर 'सरळ' ओढायचा. वाकडा ओढला तर खुंटी तुटते आणि चाळीस रुपयांच्या बल्बापायी अख्खा दिवा घ्यावा लागतो.

एव्हाना बी विंगमधले निवृत्त काका येऊन उभे राहिले होते. उघडी डिकी आणि उकिडवा बसलेला माणूस दिसला की त्यांची पावलं आपोआप वळतात.

"काय, टायर?"

"नाही, इंडिकेटर."

"हात्तिच्या! पेचकस घालून उचकटा की."

"रंग जाईल, काका."

"मग बुक्की मारा. आमच्या साहेबांच्या मॉरिस मायनरला दाराच्या खांबातून केशरी हात बाहेर यायचा. अडकला की खांबावर एक बुक्की. चालू!"

वॉचमन म्हणाला, डावीकडून ढकला. सायकलवरचा एक मुलगा म्हणाला, यूट्यूबवर बघा ना. मी डोळे मिटून दोन्ही हातांनी सरळ ओढला. कट्ट! सगळे गप्प झाले. पण तुटलं काहीच नव्हतं. खुंटी रबरातून सुटल्याचा तो आवाज होता. दिव्यामागे गेल्या पावसाळ्याचा चिखल आणि गुलमोहराची वाळकी पानं व्यवस्थित साठवून ठेवलेली होती.

पुढचं काम किरकोळ. होल्डर फिरवून बाहेर काढला, जुना बल्ब दाबून वळवला. काच आतून काळी पडलेली, तार तुटलेली. म्हणजे वायरिंग नव्हतं! हा आनंद कुणाला तरी सांगावा म्हणून मी मान वर केली, तर काका ओरडले, "काचेला बोट लावू नका! फुटतो!"

हा नियम पुढच्या हेडलाइटच्या हॅलोजन बल्बचा. या साध्या बल्बाला बोटाच्या तेलाने काही होत नाही. पण सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब काकांकडे असतो. मी रुमालात धरून बल्ब बसवला.

आता तपासणी. मागे उभं राहून 'लागला, गेला, लागला, गेला' म्हणायला माणसांची कमतरता नव्हती, पण मी लाल त्रिकोणाचं बटण दाबलं आणि स्वतःच मागे गेलो. चारही इंडिकेटर लागले. उजवा तर असा भगवा झळाळत होता की पाहत राहावं. डावा मात्र फिकट, जवळजवळ पांढरा. इतक्या वर्षांत त्याच्या काचेवरचा रंग उडून गेला होता. शेजारी नवा आला म्हणून आज दिसलं इतकंच.

काकांनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. "अहो, हे बल्ब नेहमी जोडीने बदलायचे असतात."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी तुम्ही उजव्याचं विचारत होतात."