पायी येणाऱ्यास अन्न मिळणार नाही

टेक्सासमध्ये राहणाऱ्या जावयाने सासू-सासऱ्यांना समुद्र दाखवावा, अवकाशयाने दाखवावीत, हवे तर गुरांचा बाजारही दाखवावा. पण ड्राइव्ह-थ्रूच्या, म्हणजे गाडीत बसूनच खिडकीतून जेवण घ्यायच्या, रांगेत नेऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ही रांग ज्या माणसासाठी आखलेली असते तो एकटा असतो, काय खायचे हे त्याचे आधीच ठरलेले असते, आणि एक हात स्टिअरिंगवर असल्यामुळे उरलेल्या हाताने जेवढे खाता येईल तेवढेच त्याला हवे असते. आमच्या गाडीत आम्ही चौघे होतो, कोणाचेही काहीही ठरलेले नव्हते, आणि स्वयंपाक करणाऱ्याशी चार शब्द बोलल्याशिवाय सासूबाईंच्या गळ्याखाली परक्या घरचा घास उतरत नाही.

ह्यूस्टनजवळच्या मीनाक्षी मंदिरातून दर्शन आटोपून आम्ही डॅलसला परतत होतो. बरोबर नेलेल्या दशम्या दुपारीच संपल्या होत्या आणि रात्र बरीच झाली होती. माझे सासरे, नाना, एसटीच्या सांगली विभागातून निवृत्त झालेले असल्यामुळे रस्त्याने नुसता प्रवास करणे त्यांना जमत नाही. ते रस्त्याची तपासणी करतात. एवढ्या लांबच्या मार्गावर त्यांना बसस्थानक कुठे दिसले नव्हते आणि खाण्याची दुकाने मात्र प्रत्येक फाट्यावर घोळक्याने उभी होती, हे त्यांना ह्यूस्टन सोडल्यापासून खटकत होते. आमच्यापुढे रांगेत बऱ्याच गाड्या असल्याने मी त्यांना या प्रकाराची जन्मकथा सांगायला घेतली.

आम्ही ज्या डॅलसला निघालो होतो, तिथेच १९२१ मध्ये जे. जी. कर्बी नावाच्या, तंबाखू आणि मिठाईचा घाऊक व्यापार करणाऱ्या गृहस्थाने फोर्ट वर्थच्या रस्त्यावर ‘पिग स्टँड’ नावाचे खाण्याचे दुकान काढले. गाडीवाले लोक इतके आळशी असतात की जेवायलासुद्धा ते खाली उतरत नाहीत, असे त्याचे निरीक्षण असल्याचे सांगतात. आणि या निरीक्षणावर रागावण्याऐवजी त्याने धंदा उभा केला, यातच मला अमेरिकेचे सारे सार दिसते. गाडी पुरती थांबायच्या आत तिच्या पायरीवर उडी मारून ऑर्डर घेणारी पोरे त्याने नेमली होती.

“चालत्या गाडीच्या पायरीवर?” नाना दचकून म्हणाले. “आमच्याकडे वाहकाने खालीच उतरवला असता.”

पुढे मॅक्डोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो येथे आपले भरभराटीला आलेले ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीतच ताट आणून देणारे हॉटेल, १९४८ मध्ये तीन महिने बंद ठेवून पुन्हा उघडले, तेव्हा गाडीपर्यंत ताट नेणाऱ्या मुली गेल्या, काटे-चमचे गेले, पंचवीस पदार्थांचे नऊ झाले आणि हॅम्बर्गर पंधरा सेंटांना मिळू लागला. लोक या क्रांतीचे श्रेय वेगाला देतात; मी ते ताट हद्दपार करण्याला देतो. ताट परत करावे लागते, म्हणून माणूस तिथे थांबतो. कागदात गुंडाळलेला घास गाडीबरोबर कुठेही जातो. आमटीभाताला या देशाच्या हमरस्त्यांवर भवितव्य का नाही, हे मला तेव्हापासून कळले आहे.

नानांचे मन मात्र केएफसीवाल्या कर्नल सँडर्स यांच्या कहाणीने द्रवले. केंटकीतल्या कॉर्बिन गावी पेट्रोलपंपावर वाटसरूंना जेवू घालता घालता या गृहस्थांनी नाव कमावले. पण नवा महामार्ग गावाला वळसा घालून जाणार हे नक्की झाले, तेव्हा १९५६ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, त्यांना हॉटेल विकावे लागले आणि कोंबडीची पाककृती गाडीत टाकून गावोगावच्या हॉटेलवाल्यांकडे फिरावे लागले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत ४१,००० मैलांच्या महामार्गजाळ्याचा कायदा झाला. “बाह्यवळण झाले की हॉटेल बसतेच,” नाना हळहळून म्हणाले. “त्या बिचाऱ्याला कोणी तरी अधिकृत थांबा द्यायला हवा होता.”

एवढ्यात आम्ही ऑर्डर घेणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या खांबापाशी पोहोचलो. गाडीतून बोलून जेवण मागवण्याची ही सोय ‘इन-एन-आउट बर्गर’ने १९४८ मध्येच आणली, समोर माणूस नसल्याने त्याच्याशी वाद घालता येत नाही, हा तिचा मोठा गुण. सासूबाईंना हा गुण ठाऊक नव्हता. मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर रेलून त्यांनी खांबाला मराठीत विचारले, “बटाटे कशात तळता हो?”

हा प्रश्न बाळबोध नव्हे. मॅक्डोनाल्ड्सने १९९० मध्ये वनस्पती तेल वापरत असल्याचे जाहीर केल्यानंतरही अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वादांश असे. त्यावर खटले झाले आणि २००२ मध्ये कंपनीने हिंदू व शाकाहारी संस्था वगैरेंना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आमचे दुकान निराळे होते, पण सासूबाईंच्या लेखी सगळी दुकाने एकाच कढईतली. खांब म्हणाला, “आणखी काही?” मागच्या गाडीने भोंगा वाजवला. दोन्ही बाजूंना कठडे असल्यामुळे रांग सोडून पळण्याचीही सोय नव्हती. मांस नको, अंडे नको, ते पांढरे सॉस नको, असे मी एकेक वजा करत गेलो आणि खिडकीतून हाती आलेल्या पिशवीत वजाबाकीचे अचूक उत्तर निघाले: चार कोरडे पाव.

“मी खाली उतरून नीट समजावतो,” असे म्हणून नाना निघाले. दुकानाचे दार रात्रीपुरते बंद होते, म्हणून ते चालत खिडकीशी गेले. आतल्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले की या खिडकीवर फक्त गाडीतून आलेल्यांनाच जेवण मिळते. पायी आलेल्यांना सुरक्षेच्या कारणास्तव नाही. नाना परत येऊन काही वेळ गप्प बसले. मॅक्डोनाल्ड्सची पहिली अशी खिडकी १९७५ मध्ये ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा येथे निघाली, कारण जवळच्या छावणीतल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात बाहेर गाडीतून उतरायची मनाई होती, हे मी त्यांना सांत्वनादाखल सांगितले.

“म्हणजे त्यांना उतरायची बंदी होती, म्हणून आता मला उतरून जेवायची बंदी?” नाना म्हणाले. “जावईबापू, आमची गाडी दहा मिनिटे थांबायची ती प्रवाशांनी खाली उतरून खावे म्हणून. इथे प्रवाशाला विचारतोय कोण? फिरवा गाडी.”

त्यांनी पट्टा बांधला. मी दुकानाला वळसा घालून पुन्हा रांगेच्या शेपटाशी लागलो, आणि खांब जवळ येताच खांद्यावर ओळखीचा भार जाणवला. सासूबाई म्हणाल्या, “तेलाचे त्याने अजून सांगितलेच नाही.”