‘स्वतःची काळजी घे’ म्हणणाऱ्यांनो, आधी बाळ हातात घ्या

आज दुपारी कार्यालयात घडलेला एक प्रसंग घरी येऊन जेवण झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. दीड महिन्यापूर्वी बाप झालेला आमचा एक तरुण सहकारी साहेबांकडे चार वाजता निघण्याची परवानगी मागायला गेला. बायको सारखी रडते आणि घरात तिसरे माणूस नाही, एवढेच त्याने सांगितले. साहेब म्हणाले, "पहिलटकरणींचे असे होतच असते. आमच्या आयांनी पाच-पाच मुले वाढवली, त्या कधी रडल्या का?" सगळे हसले. तो साडेसहापर्यंत मान खाली घालून बसून राहिला, आणि मीही गप्प बसलो.

रडल्या असतील साहेब, आपल्याला ऐकू आले नसेल. मला तरी कुठे आले होते?

नऊ वर्षांपूर्वी आम्ही कांजूरमार्गला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी पाच आठवड्यांची होती. इमारतीच्या टाकीतले पाणी सकाळपर्यंत पुरवावे लागे. एका रात्री तीनच्या सुमारास मोरीतला नळ बराच वेळ वाहताना ऐकून मी दाराबाहेरून चिडून म्हणालो, "अगं, नळ बंद कर, टाकी रिकामी होईल." नळ बंद झाला आणि मग हुंदके ऐकू आले. ती रोज रात्री नळ सोडून रडत होती, आणि मला पाण्याची काळजी पडली होती.

तिची आई आजारी असल्यामुळे माहेरपण झाले नव्हते, आणि माझी आई दहा दिवस राहून गावी परतली होती. डिंकाच्या लाडवांचे डबे मात्र येत होते, फोन येत होते, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी ‘स्वतःची काळजी घे हं’ असे आवर्जून सांगितले जात होते. कधी घ्यायची होती तिने काळजी? तान्ह्या बाळाला दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पाजावे लागते, आणि त्यात रात्रही मोजायची असते. सहाव्या आठवड्याच्या लसीला गेलो तेव्हा बाळाचे वजन कार्डावर नीट लिहिले गेले, पण तिला ‘तू कशी आहेस’ असे कोणीही विचारले नाही. फाइल घेऊन शेजारी उभ्या असलेल्या मीही विचारले नाही.

पुढे एका डॉक्टरबाईंनी गेल्या सात दिवसांबद्दलच्या दहा प्रश्नांचा कागद तिच्याकडून भरून घेतला आणि आम्हा दोघांना समोर बसवून समजावले. बाळंतपणानंतर संप्रेरके एकदम खाली येतात, पहिल्या काही दिवसांत रडू येते आणि बहुधा दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढेही टिकले तर तो आजार असतो, आणि त्यावर उपचार असतात. एवढी साधी गोष्ट आम्हाला बाळाच्या अंघोळीइतक्याच सहजपणे आधी कोणी का सांगितली नव्हती?

साहेबांच्या पिढीत घर भरलेले असायचे, सव्वा महिना बाळंतिणीला कोणी उठू देत नसे, हे मान्य करतो. पण मग ती माणसे आता नाहीत म्हटल्यावर बापाने तरी घरी असायला नको का? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची रजा दिली आणि ते उत्तमच झाले. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाची रजा मात्र साहेबांच्या मर्जीवर. आणि तोही रात्र-रात्र जागतो, तोही आतून खचू शकतो, हे तर कोणाच्या गावीही नसते.

आमच्या घरी फरक पडला तो समोरच्या काकूंमुळे. त्यांनी काही सल्ला दिला नाही. दुपारी दोनला आल्या, दुपट्यासकट बाळ उचलले आणि म्हणाल्या, "तू झोप, दार मी ओढून घेते. भुकेली झाली की आणून देईन." पहिल्या दिवशी बायको सलग दोन तास झोपली. औषधे आणि डॉक्टरबाईंकडच्या फेऱ्या चालूच होत्या, पण मोरीतला नळ रात्री वाहायचा थांबला तो काकू येऊ लागल्यानंतर.

तुमच्या घरात कोणी असे रडत असेल आणि कोणाशी बोलावे कळत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

लिहिता लिहिता मध्येच थांबून त्या सहकाऱ्याला फोन केला. पलीकडे बाळ रडत होते. दुपारी गप्प बसल्याबद्दल त्याची क्षमा मागितली आणि सांगितले, उद्या तू चारला निघ, तुझे उरलेले काम मी करतो, साहेबांशीही मीच बोलतो.