कानची घटमांडणी : एका वैतागलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. उत्तर लिहायला बसलो तर ते लांबतच गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची यादी जाहीर व्हायच्या आधी तिथे कोण कोण दिसेल याचे अंदाज मी बांधले होते, आणि जाताजाता मराठी चित्रपटांच्या 'कानवारी'वर दोन वाक्यं लिहिली होती, की त्यातले काही महोत्सवात नव्हे, शेजारच्या चित्रपट बाजारात दाखवले जातात. त्यावर तुम्ही लिहिलंत (थोडं आटोपून देतोय) :

"न पाहिलेल्या सिनेमांवर पानभर लिहिणं म्हणजे आमच्या भेंडवळची घटमांडणी झाली. तिच्यातून निदान शेतकऱ्याला पेरणीचं तरी काही कळतं, या नुसत्या कानगोष्टी. गेल्या वर्षीचे अंदाज चुकले त्याबद्दल अवाक्षर नाही. शांतारामबापू कानला गेले तेव्हा कोणी असे अंदाज बांधत बसलं नव्हतं. गोऱ्यांच्या शिक्क्यासाठी एवढा जीव का टाकायचा? आणि आपला मराठी सिनेमा तिथे पोचला की 'तो फक्त बाजारात होता' म्हणून नाक मुरडायचं, हा तर खास मराठी खेकडेपणा. शिवाय १९९४ नंतर तीस वर्षं भारताचा एकही सिनेमा कानला गेला नाही हे तुमचं वाक्य साफ चूक आहे."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या वाक्यातून 'मुख्य स्पर्धेत' हे दोन शब्द गळले आणि वाक्य खोटं झालं. १९९४ साली शाजी करुण यांचा 'स्वहम्' मुख्य स्पर्धेत होता, त्यानंतर थेट २०२४ मध्ये दिग्दर्शक पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. पण मधल्या काळात 'उडान', 'तितली', 'मसान' हे मुख्य स्पर्धेच्या खालोखालच्या 'अन सर्टन रिगार्ड' विभागात दाखवले गेले, 'गँग्ज ऑफ वासेपूर' कानबरोबरच भरणाऱ्या समांतर 'डायरेक्टर्स फोर्टनाइट'मध्ये होता, आणि १९९९ साली मुरली नायर यांच्या 'मरण सिंहासनम्'ला पहिल्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा द'ओर' मिळाला. लेखात दुरुस्ती केली आहे.

गंमत अशी, की ज्या फरकासाठी तुम्ही माझा कान धरलात, नेमका तोच फरक मी मराठी चित्रपटांच्या बाबतीत केला तेव्हा तुम्हाला तो खेकडेपणा वाटला. त्यावर येतोच.

आधी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी. टोमणा म्हणून वापरलात, पण शब्द मला आवडला. अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यांचं रिंगण मांडायचं, मधे घट, पापड, कुरडई, करंजी, पानविडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन कुठला दाणा सरकला, विडा जागेवर आहे का, यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी सांगायची. ती मांडणारे दाणा का हलला हे सांगत बसत नाहीत, आणि त्यांना कोणी विचारतही नाही. कानचे अंदाज बांधणाऱ्याला मात्र 'का' सांगावंच लागतं. निदान मी तरी सांगण्याचा प्रयत्न केला होता.

उदाहरण देतो. २०१७ साली नेटफ्लिक्सचे दोन चित्रपट, 'ओक्जा' आणि 'द मायरोविट्झ स्टोरीज', कानच्या स्पर्धेत होते. फ्रान्समधल्या थिएटरमालकांनी गदारोळ केला, आणि २०१८पासून नियम झाला की स्पर्धेतला चित्रपट फ्रान्सच्या थिएटरांत लागलाच पाहिजे. तिकडचा कायदा असा, की चित्रपट एकदा थिएटरात लागला की घरबसल्या दाखवायला बराच काळ थांबावं लागतं. नेटफ्लिक्सला ते परवडत नाही. त्यामुळे नेटफ्लिक्सचा चित्रपट दिसला की नाव कानच्या वहीतून खोडायचं आणि इटलीतल्या व्हेनिस महोत्सवाच्या वहीत लिहायचं. 'रोमा' २०१८ मध्ये असाच तिकडे गेला आणि तिथला सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, घेऊन आला. दुसरं : फ्रेंच वितरकाने चित्रपटाची तारीख मेच्या उत्तरार्धात टाकली असेल तर तो कानच्या आसपास घुटमळतोय हे उघड असतं. तिसरं म्हणजे सवय. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा प्रत्येक चित्रपट १९९९च्या 'रोझेटा'पासून कानच्या स्पर्धेत आहे. त्यांचा चित्रपट तयार झाला एवढं कळलं की पुरे, तिथे अंदाज बांधण्यासारखं काही उरतच नाही.

आता पायलचंच बघा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना केलेला लघुपट २०१७ साली कानच्या विद्यार्थी विभागात. २०२१ मध्ये 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये, आणि त्याला कानमधल्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा 'गोल्डन आय'. पुढचा चित्रपट एका फ्रेंच निर्मिती संस्थेबरोबर. हे सगळं जाहीर होतं, यात कानात सांगण्यासारखं काय होतं? ज्याला वाचायचं त्याला ती वाट दिसत होती. मी तेव्हा 'येणार' असं लिहिलं, पण 'अन सर्टन रिगार्ड'मध्ये. ती आली थेट स्पर्धेत, आणि ग्रां प्री, म्हणजे कानचा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन गेली. म्हणजे माझा अंदाज अर्धा बरोबर, आणि जो अर्धा चुकला तोच मोठा.

गेल्या वर्षीच्या चुकांबद्दल अवाक्षर नाही म्हणता, तर घ्या. २०२५ च्या यादीत मी अमेरिकन दिग्दर्शक जिम जारमुशचा 'फादर मदर सिस्टर ब्रदर' ठामपणे लिहिला होता. कानने तो घेतला नाही. सप्टेंबरमध्ये त्याला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला. जाफर पनाहींचं नाव माझ्या यादीत नव्हतंच. इराणमध्ये परवानगी न घेता गुपचूप चित्रित केलेला चित्रपट, त्याचा सुगावा मला कुठून लागणार? 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडंट'ला पाम द'ओर मिळाला. म्हणजे ज्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला तोच माझ्या नजरेतून सुटला. त्या वर्षी महोत्सवाकडे २,९०९ पूर्ण लांबीचे चित्रपट आले होते. एप्रिलमध्ये पॅरिसच्या पत्रकार परिषदेत महोत्सवाचे निवडप्रमुख थिएरी फ्रेमो यांनी स्पर्धेसाठी १९ नावं वाचली, नंतर भर पडून ती २२ झाली. आता एवढ्या गर्दीतून २२ ओळखायचे म्हटल्यावर चुका होणारच. फक्त मी जुने लेख काढून टाकत नाही. सगळे तिथेच आहेत, लाज वाटेल असे.

शांतारामबापूंचा मुद्दा तुम्ही सहज टाकलात, पण या सगळ्यात मला तोच सगळ्यात रसाळ वाटतो. १९५२ च्या कान महोत्सवात स्पर्धेत त्यांचा, म्हणजे व्ही. शांतारामांचा, 'अमर भूपाळी' होता. शाहीर होनाजी बाळावरचा चित्रपट, थेट रिव्हिएराच्या किनाऱ्यावर! तेव्हा कोणी अंदाज बांधत नव्हतं हे तुमचं म्हणणं पटतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. १९७२ पर्यंत कानला कुठला चित्रपट जाणार हे ज्या त्या देशातच ठरायचं. भारताचा चित्रपट भारतातूनच ठरून जायचा. तेव्हा अंदाज बांधायचाच असता तर दिल्लीत कोणाचं कोणाशी जमतं यावर बांधावा लागला असता, आणि त्या मात्र खऱ्याखुऱ्या कानगोष्टी झाल्या असत्या. १९७२ पासून महोत्सव स्वतः निवडायला लागला. त्याआधी कोणी पाठवलं एवढाच प्रश्न होता, त्यानंतर कोणी आणि का निवडलं हा प्रश्न आला. माझ्यासारख्यांचा उद्योग त्या दिवसापासून सुरू झाला म्हणा ना.

'गोऱ्यांचा शिक्का' या मुद्द्यावर मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे, आणि निम्मा असण्याचं कारण सांगतो. फ्रेंच पैसा असलेल्या चित्रपटाला कानचं दार लवकर उघडतं. पायलचा चित्रपट फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली यांची सहनिर्मिती होता. तो त्यामुळे कमी भारतीय होत नाही. मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, कागदपत्रं नाहीत म्हणून राहतं घर सोडून रत्नागिरीकडच्या गावी परत जाते, हे ज्याने गिरणगावात पाहिलंय त्याला कोणी समजावून सांगायला नको. पण ज्याच्याकडे असा फ्रेंच सहनिर्माता नाही, जो सोलापुरात किंवा नांदेडात पदरमोड करून चित्रपट करतो, त्याच्यासाठी ते दार जड आहे. मग 'शिक्का नको आम्हाला' म्हणून पाठ फिरवायची, की दार कसं उघडतं ते बघून ठेवायचं? मी दुसऱ्या पक्षातला.

आणि मराठी चित्रपटांची खरी वाट आजवर दुसऱ्याच दारांतून गेली आहे हेही याच अंदाजांच्या नादात लक्षात येतं. 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेला. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसच्या 'ओरिझाँती' विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. २०२० मध्ये त्याचाच 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. एवढं असूनही आपल्याकडे 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे कान, आणि कान म्हणजे कोणी कुठला गाऊन घातला. छाया कदम २०२४ मध्ये तिथे दोन चित्रपटांतून पोचली, एक मुख्य स्पर्धेत आणि दुसरा डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये. मराठी बातम्यांत चर्चा झाली ती तिने आईची साडी नेसली आणि नथ घातली याची. मलाही ते बघून गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. पण तो दुसरा चित्रपट कुठला हे किती बातम्यांत होतं? ('सिस्टर मिडनाइट'.)

आता खेकडेपणा.

कानला महोत्सवाबरोबर १९५९ पासून एक बाजार भरतो, 'मार्शे द्यु फिल्म'. इथे जगभरचे निर्माते, वितरक आणि खरेदीदार जमतात. पैसे भरून खेळाची वेळ घेता येते आणि खरेदीदारांना चित्रपट दाखवता येतो. फ्रेमोंची निवड समिती तो पाहत नाही, परीक्षकही पाहत नाहीत. गेली काही वर्षं आपलं राज्य सरकारही काही मराठी चित्रपट निवडून या बाजारात पाठवतं. दुसऱ्या दिवशी मथळा येतो : 'अमुक चित्रपटाची कानमध्ये निवड'. निवड झालेली असते हे खरं. ती मुंबईत झालेली असते.

गोव्यातलं उदाहरण घ्या म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू असताना शेजारी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार भरतो. तिथे दाखवलेल्या चित्रपटाला आपण कोणी 'इफ्फीत निवड झाली' म्हणतो का? नाही म्हणत, कारण पणजी जवळ आहे, दहा जण तिथे जाऊन आलेले असतात, लगेच कोणीतरी हटकेल. कान लांब आहे म्हणून खपून जातं.

बाजार हलका असतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या ओळखीचे एक निर्माते काही वर्षांपूर्वी तिथे स्वखर्चाने गेले होते. खेळाला सात माणसं आली, त्यातली दोन त्यांचीच. पण बाहेर कॉफी पिताना विमानांत चित्रपट पुरवणारा एक खरेदीदार भेटला आणि पुढे काहीतरी जमलं. परत आल्यावर गावच्या सत्कारात निवेदकाने 'कानविजेते' म्हटलं तेव्हा ते माइक घेऊन म्हणाले, "बाजाराला गेलो होतो, पिशवी रिकामी नाही आली." टाळ्या जरा कमीच पडल्या. मला तो माणूस फार मोठा वाटतो. बाजाराला बाजार म्हटल्याने त्याचं काही कमी झालं नाही. उलट, सगळ्यांनाच 'कान निवड' म्हणत गेलो तर उद्या एखादा मराठी चित्रपट खरोखर स्पर्धेत जाईल तेव्हा त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच शिल्लक राहणार नाही. लोक म्हणतील, त्यात काय, दरवर्षीच जातात की.

राहता राहिला जीव टाकण्याचा प्रश्न. यादी येण्याआधीचे हे पंधरा दिवस मला खरंच आवडतात, याला काही उदात्त कारण नाही. अजून कोणीच काही पाहिलेलं नसतं. पॅरिसचा समीक्षक आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये मोबाइलवर वाचणारा मी, दोघंही सारखेच अडाणी. मेमध्ये तो समीक्षक थिएटरात जाऊन बसतो आणि मी सहा महिने वाट बघतो. एवढे पंधरा दिवसच काय ती बरोबरी.

यादी आली की माझा लेख आहे तसाच ठेवणार आहे, चुकलेली नावं खोडणार नाही. तुम्हीही एक नाव कळवा, कुठलंही, सोबत कारण लिहा. बरोबर आलं तर पुढच्या लेखाची सुरुवात तुमच्या नावाने. अमेरिकन दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकचं नाव मात्र कोणी सुचवू नका, ते मी आधीच लिहून ठेवलंय. त्याच्या ख्रिस्तावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण २०१९ मध्ये झालं, तेव्हापासून तो संकलनाच्या टेबलावर आहे आणि तेव्हापासून दर एप्रिलला माझ्या यादीत आहे. फ्रेंच तारीख नाही, वितरकाची हालचाल नाही, कसलं कारण नाही. तेवढ्यापुरती ती भेंडवळचीच मांडणी समजा. पहाटे जाऊन विडा हललाय का ते बघून येतो.